थरथरीचा मालकी हक्क

शेवंती काकूंची खुर्ची थरथरू लागली, त्या दिवसापर्यंत पेटंट हा शब्द मी एकाच संदर्भात ऐकला होता. आमच्या ऑफिसातला एक सहकारी कोणत्याही दुखण्यावर एकच गोळी घ्यायचा आणि तिला ‘माझं पेटंट औषध’ म्हणायचा. त्या गोळीने त्याला कधी बरं वाटलेलं मी पाहिलं नाही. तो इशारा मी तेव्हाच घ्यायला हवा होता.

मी विद्याधर टिपणीस. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे पंपांची चित्रं काढत होतो. आता निवृत्त आहे आणि दिंडोशीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बरोबर माझ्या डोक्यावर चंद्रप्रकाश धुरी राहतो. तो गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत लाइटमन होता, अजूनही बोलावलं तर जातो. पंचवीस वर्षांत आम्ही एकमेकांना कधी पूर्ण नावाने हाक मारलेली नाही. तो मला विद्या म्हणतो, मी त्याला चंद्या म्हणतो, आणि दोघांच्या बायकांना दोन्ही नावं आमच्या वयाला शोभत नाहीत असं वाटतं.

शेवंती काकू ही चंद्याची आई. वय ब्याऐंशी, दात शाबूत, नजर तीक्ष्ण, फक्त कानांनी कायमची सुटी घेतलेली. यंत्र लावून पाहिलं होतं. काकूंचं म्हणणं, त्यात नुसता समुद्र ऐकू येतो, आणि समुद्रच ऐकायचा तर मालवणला काय वाईट होतं. सून बँकेत, चंद्या स्टुडिओत, नातू सिद्धेश नोकरीसाठी बंगळूरला. त्यामुळे दुपारी काकू एकट्या असत, आणि दुपारी दार उघडणं हा प्रकार त्या घरात होत नसे. एकदा कुंदा, म्हणजे माझी बायको, गरम अळूवड्यांची ताटली घेऊन वर गेली आणि वीस मिनिटं बेल दाबत उभी राहिली. परत आली तेव्हा वड्या गार झाल्या होत्या आणि ती गरम.

त्याच संध्याकाळी चंद्या एक मोडका गेम कंट्रोलर घेऊन माझ्याकडे आला. सिद्धेशचा. बंगळूरला जाताना तो मागे टाकून गेला होता. कंट्रोलर म्हणजे टीव्हीवर गाड्या पळवायला दोन्ही हातांत धरायचं खेळणं. चंद्याचं म्हणणं एवढंच होतं की पडद्यावरची गाडी भिंतीवर आपटली की हे हातात थरथरतं, ते कसं काय ते बघू या. आम्ही स्क्रूड्रायव्हर काढला.

आत दोन छोट्या मोटारी होत्या, डावीकडे जाडी, उजवीकडे बारीक. दोन्हींच्या दांड्यांवर अर्ध्या चंद्रासारखं वजन, एकाच बाजूला. वजन एका बाजूला असलं की मोटार फिरताना अख्खी वस्तू हलते. मला गलबलून आलं. आयुष्यभर जी थरथर पंपातून घालवण्यासाठी मी पगार घेतला, ती इथे कुणीतरी मुद्दाम घातली होती.

त्या मोटारी काकूंच्या खुर्चीत बसवाव्यात आणि दाराच्या बेलला जोडाव्यात, ही कल्पना माझी. हे मी आजही शपथेवर सांगेन. दोन मोटारी आहेत तर दुसरी वाया का घालवायची, ती कुकरवर लावू, शिट्टीची वाफ लागली की चालू होईल असा स्विच स्टुडिओत माझ्याकडे पडलाय, ही कल्पना चंद्याची. हेही शपथेवर सांगेन. आज.

पहिल्या चाचणीत खुर्ची चालली. चालली म्हणजे खरोखरच, काकूंना घेऊन, शोकेसच्या दिशेने. पायांना रबराची बुचं लावल्यावर ती जागेवर राहिली. मग दोन दिवसांत काकू तयार झाल्या. डाव्या हाताला जाड थरथर आली की दार, उजव्या हाताला बारीक आली की कुकर. तिसऱ्या दिवशी कुंदाने बेल दाबली आणि काकूंनी अकरा सेकंदांत दार उघडलं. दार उघडेल असं कुंदाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, ती नुसतीच आत जाऊन बसली.

इथे हे थांबायला हरकत नव्हती. पण आमच्या सोसायटीत कोणतीही गोष्ट सल्ल्याशिवाय थांबत नाही. तळमजल्याच्या नीलाताईंनी ती खुर्ची गुडघ्यांसाठी मागितली. कुणीतरी ती बाळ झोपवायला चालेल का असं विचारलं. आणि केतन, आमचा सेक्रेटरी, खुर्चीत दोन मिनिटं बसून उठला आणि गंभीर आवाजात म्हणाला की याचं पेटंट घ्या, नाहीतर बाहेरचे उचलतील. बाहेरचे म्हणजे कोण ते त्याने सांगितलं नाही, पण त्याने खिडकीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस टॉवेल वाळत घालत होता. मला तो संशयास्पद वाटला.

दुसऱ्या मजल्यावर भीमराज राहतात. ते दिंडोशी कोर्टात वकिली करतात, जागेची भांडणं, भाडेकरू, पार्किंग. पेटंट हा आपला विषय नाही असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्याच श्वासात मसुदा लिहायला घेतला. पेटंटच्या अर्जात वस्तूचं वर्णन असं करावं लागतं की ते वाचून दुसऱ्या जाणकार माणसाला ती बनवता आली पाहिजे. भीमराजांनी ते इंग्रजीत, पण कोर्टाच्या इंग्रजीत लिहिलं. त्याचं मराठी साधारण असं होईल: ‘सदर खुर्चीत सदर आई बसली असता, सदर दाराची सदर बेल दाबली गेल्यास, सदर आईस सदर थरथर प्राप्त होईल.’ मी चित्रं काढली. बत्तीस वर्षांचा हात होता. खुर्चीची तीन बाजूंनी दृश्यं, मोटारींचा आडवा छेद, आणि काकूंची एक बाह्यरेषा, अंबाड्यासकट.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. आता मी जे सांगणार आहे ते मी त्या वेळी कुंदालाही सांगितलं नव्हतं. अर्जात ‘संशोधकाचं नाव’ असा रकाना होता. तो मी भरला. त्याच्या खाली आणखी संशोधक जोडायचं बटण होतं. ते मी पाहिलं. माउसचा बाण त्याच्यावर नेलाही. मग मनात आलं की चंद्याचा आधार क्रमांक आपल्याला पाठ नाही, तो आज शूटिंगला आहे, नंतर जोडता येईल. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा फार व्यवस्थित कारणं देतो. आधार क्रमांक तिथे विचारलेलाच नव्हता. मी बाण बाजूला घेतला आणि पुढचं पान उघडलं.

अर्जाचा क्रमांक आला तो केतनने नोटीस बोर्डावर लावला. क्रमांक मिळणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे, एवढा बारकावा सोसायटीला नको होता. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ‘आपल्या सोसायटीचे संशोधक श्री. विद्याधर टिपणीस’ यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. केतनने भाषण केलं. माइकची वायर सैल होती, आवाज तुटत होता. म्हणून भाषण संपेपर्यंत एक माणूस स्पीकरमागे उकिडवा बसून ती वायर दोन बोटांनी धरून होता. तो चंद्या होता. ज्या भाषणात त्याचं नाव एकदाही आलं नाही, त्या भाषणाचा शब्दन्‌शब्द त्याने स्वतःच्या बोटांनी लोकांपर्यंत पोचवला. भाषण झाल्यावर त्याने वायर गुंडाळली, स्पीकर ऑफिसात ठेवला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. मी काहीतरी बोलणार तोच तो म्हणाला, “नमस्कार टिपणीस. तब्येत बरी आहे ना तुमची?”

त्याने मला शिवी दिली असती तर मी ती घरी नेऊन तिच्यावर शांतपणे विचार केला असता. तो ‘तुमची’ मात्र कुठे ठेवायचा ते कळेना. पंचवीस वर्षं ज्याने मला चारचौघांत ‘ए येड्या’ म्हटलं, त्याने मला अहो-जाहो केलं. मी कुंदाला सांगितलं. तिने विचारलं, अर्जात त्याचं नाव आहे ना. मी म्हटलं, ते तांत्रिक आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे सलग तीन दिवस दुधी होता.

माझी प्रतिष्ठा दुखावली होती. म्हणजे चूक माझी होती हे मला कळत होतं, आणि ते कळत असल्यामुळेच ती जास्त दुखत होती. मी ठरवलं की त्याने येऊन विचारलं तर मी लगेच नाव जोडीन. त्याने ठरवलं की मी जाऊन सांगितलं तर तो लगेच माफ करील. दोघेही आपापल्या मजल्यावर फार उदार मनाने बसून राहिलो.

मग अर्ज प्रसिद्ध झाला. कायद्यात अशी सोय आहे की प्रसिद्ध झालेल्या अर्जाला कुणालाही विरोध करता येतो. चंद्याने विरोध केला. कारण असं की सदर अर्जदाराने सदर विरोधकाची सदर मोटार लाटली. ते वाचताच मी दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि भीमराजांना विचारलं की हे तुम्ही लिहिलंत का. ते मुळीच अवघडले नाहीत. म्हणाले, दोन्ही बाजूंनी उभं राहणं वकिलाच्या नीतीत बसत नाही, म्हणून मी एकाही बाजूने उभा नाही, मी फक्त टाइप करतो. चौथ्या मजल्यावर सही झालेला तो कागद तिसऱ्या मजल्यावर यायला सव्वीस दिवस लागले.

त्याच सुमारास तपासणीचा अहवाल आला. त्यात अकरा आक्षेप होते. पहिला आक्षेप: ‘सदर आई’ कोण, याची व्याख्या अर्जात आढळत नाही. दुसरा: चित्र क्रमांक चारमधला अंबाडा हा शोधाचा आवश्यक भाग आहे काय. मी यावर तीन दिवस विचार केला. तिसऱ्या आक्षेपापासून मात्र विषय गंभीर होता. परदेशातली पाच पेटंटं जोडली होती, सगळी गेम कंट्रोलरची. एका बाजूला वजन लावलेली मोटार, एक जाडी, एक बारीक, कोणती कधी फिरवायची त्याची रीत. सगळं कुणी ना कुणी आपल्या नावावर करून ठेवलेलं.

मी इंटरनेटवर खोलात शिरलो आणि तिथे मला माझी माणसं सापडली. अमेरिकेत एका छोट्या कंपनीने दोन बलाढ्य कंपन्यांवर दावा लावला होता की तुमच्या कंट्रोलरमधली थरथर आमची आहे. एकीने लवकर तडजोड केली. दुसरी कित्येक वर्षं भांडली, आणि मधल्या काळात तिने जो नवा कंट्रोलर बाजारात आणला, तो थरथरतच नव्हता. मुलं गाडी भिंतीवर आपटत आणि हातात काहीच होत नसे. शेवटी मिटलं, आणि पुढे थरथर परत आली. हे वाचून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या मोठ्या, शिकल्यासवरल्या कंपन्या, काचेच्या इमारतीत बसणाऱ्या, आणि भांडण तेच. मी कुंदाला म्हटलं की हे प्रकरण जागतिक दर्जाचं आहे. तिने विचारलं की त्या भांडणात कंपन्यांच्या आया कुठे बसत होत्या.

तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. आठवडाभराने त्याचं उत्तर मिळालं.

झालं असं की भीमराजांनी टाइप करता करता चंद्याला एक मुद्दा सांगितला होता. विरोध चालू असताना ती खुर्ची तुम्ही वापरलीत तर उद्या समोरचा म्हणेल, बघा, माझा शोध हेच वापरतायत. म्हणून चंद्याने खुर्चीची वायर काढून ठेवली होती. आम्हाला हे माहीत नव्हतं. एका दुपारी कुंदा गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होती, तिला वरून करपल्याचा वास आला. आम्ही दोघं धावत वर गेलो. बेल दाबली. पुन्हा दाबली. दारावर मुठी मारल्या. मी पंपांची चित्रं काढणारा माणूस, मी त्या दाराला खांदा दिला, आणि दार होतं तिथेच राहिलं, खांदा मात्र सरकला. शेवटी केतनकडे ठेवलेली दुसरी किल्ली आणून दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं आणि कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला होता. काकू बाहेरच्या खोलीत खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, त्या मुक्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. कुंदाने गॅस बंद केला. मी काकूंच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, हसल्या, आणि मेथीची एक काडी माझ्या हातात दिली, की उभा आहेस तर निवड.

मी बसलो आणि मेथी निवडली. पानं टाकून देत होतो आणि काड्या ठेवत होतो, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

चंद्या संध्याकाळी आला तेव्हा कुंदाने त्याला सगळं सांगितलं. त्याने त्याच क्षणी वायर जोडली. माझ्याकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनावणी होती. आता सुनावण्या व्हिडिओवर होतात. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्यात कंट्रोलर म्हणतात, म्हणजे गेम कंट्रोलरची केस कंट्रोलरसमोर होती. हा विनोद मी कुंदाला चार वेळा सांगितला होता आणि पाचव्यांदा सांगायची हिंमत नव्हती. अकराला दहा मिनिटं असताना मी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो आणि इंटरनेट गेलं. गल्लीत कसलंतरी खोदकाम चालू होतं, त्यांनी केबल तोडली. माझ्या मोबाइलला घरात रेंज मिळत नाही, तिसऱ्या मजल्याचं ते जुनं दुखणं आहे. अकराला पाच मिनिटं असताना कुंदा एवढंच म्हणाली की वर रेंज आहे.

मी वर गेलो. बेल दाबली. काकूंनी नऊ सेकंदांत दार उघडलं.

आत चंद्या मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप लावून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची पायाने थोडी मागे सारली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. अशा रीतीने अर्जदार आणि विरोधक एकाच चौकटीत, खांद्याला खांदा लावून कंट्रोलरसमोर हजर झाले. कंट्रोलर बाई चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलण्यावरून साताऱ्याकडच्या असाव्यात. त्यांनी विचारलं की अर्जदार कोणते. मी हात वर केला. विरोधक कोणते. चंद्याने हात वर केला. त्यांनी दोन्ही नावांपुढचा पत्ता पुन्हा वाचला आणि त्या म्हणाल्या, ठीक आहे, चालू करा.

आधी चंद्या बोलणार होता. त्याच्यापुढे भीमराजांनी टाइप केलेली सहा पानं होती. त्याने पहिलं पान उचललं आणि तेवढ्यात मीच बोललो. मी हे ठरवलेलं नव्हतं.

“मॅडम, दुसरी मोटार याची,” मी म्हटलं. “कुकरची. आणि अर्जात आणखी नाव जोडायचं बटण होतं. मी ते पाहिलं होतं. दाबलं नाही.”

पुढे आणखी बोलायचं होतं. पण मी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

चंद्याने पानं टेबलावर ठेवली. “बस रे आता, विद्या,” तो म्हणाला. “डेटा संपेल.”

मी खाली मान घालून शर्टाचं बटण बघत राहिलो. कंट्रोलर बाई पाणी प्यायल्या. आणि नेमकं तेव्हा दारात कुणीतरी आलं. आमच्या मागे जाड थरथर झाली, काकू उठल्या, पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या, कुरियर घेतलं आणि परत येऊन बसल्या. बाई पुढे झुकल्या. ही तीच खुर्ची का, त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी एकदम हो म्हटलं. मग या ‘सदर आई’ का. आम्ही पुन्हा हो म्हटलं.

बाईंनी सहज विचारलं की आजींना हे शिकायला किती दिवस लागले. चंद्याने काकूंच्या समोर जाऊन, ओठ मोठे हलवून प्रश्न सांगितला. काकूंना पडद्यावरच्या बाई आवडलेल्या दिसल्या. त्या लॅपटॉपच्या अगदी जवळ आल्या, इतक्या की बाईंना फक्त कुंकू दिसत असणार, आणि मालवणीत सांगू लागल्या.

शिकायचं काय त्यात, त्या म्हणाल्या. मी कापडगिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात, वीस वर्षं काढली. यंत्रांचा एवढा आवाज की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही बायकांनी यंत्रांच्या खालून एक दोरी सोडलेली असे, प्रत्येकीच्या पायाच्या घोट्याला तिचा एक फास. पहिल्या यंत्रावरची बाई दाराकडे नजर ठेवी. चहा आला की एक हिसका, मुकादम आला की दोन. शेवटच्या यंत्रापर्यंत खबर पोचायला श्वास घ्यायलाही वेळ लागत नसे. तेव्हा एक आणि दोन होतं, आता जाड आणि बारीक आहे, एवढाच फरक.

चंद्या आईकडे बघत राहिला. त्याने हे साठ वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

कंट्रोलर बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. “ही युक्ती पहिल्यांदा कोणी काढली, आजी?”

चंद्याने प्रश्न पोचवला. काकूंनी खांदे उडवले. “कोणाक म्हायत. आमी कामाक लागलंव तेवा ती दोरी थंय होतीच.”

बाई म्हणाल्या की हे महत्त्वाचं आहे, पण तोंडी सांगून चालणार नाही. त्या काळातल्या आणखी कुणाचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर तीन आठवड्यांत सादर करा. मग त्यांनी विचारलं की हा पुरावा अर्जदार सादर करणार की विरोधक. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा पुरावा अर्जदाराला मारत होता, कारण वस्तू नवी राहत नव्हती. आणि विरोधकालाही मारत होता, कारण मोटार लाटली म्हणायला मोटारीची कल्पनाच त्याची राहत नव्हती. “दोघे,” चंद्या म्हणाला, आणि डेटा संपला.

शोधाशोध सुरू झाली. काकूंच्या बरोबरीच्या बायकांपैकी फक्त एकीचा पत्ता लागला. भागीरथीबाई, भांडुपला, दशरथ नावाच्या मुलाकडे. संप झाला, गिरणी बंद पडली, तेव्हापासून दोघींची भेट नव्हती. चाळीस वर्षं. आमचं गोरेगाव आणि भांडुप यांच्यात एक डोंगर आणि एक रस्ता आहे, रिक्षाने तासभर. पण ज्यांना फोनवर ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते अंतर फार होतं. भागीरथीबाईंचेही कान त्याच खात्यात गेले होते.

रविवारी आम्ही निघालो. एका रिक्षात काकू, कुंदा आणि चंद्या, दुसरीत मी आणि भीमराज. ते स्टॅम्पपेपर घेऊन, काळा कोट घालून आले होते. रविवारी कोट कशाला असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, प्रतिज्ञापत्राला वजन येतं.

दशरथने दार उघडलं. आत पलंगावर एक लहानशी म्हातारी बसली होती. शेवंती काकू तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांच्यात बोलण्याची सोयच नव्हती. दशरथ आईच्या कानाशी ओरडून नाव सांगू लागला, चंद्या कागदावर काहीतरी लिहू लागला. तेवढ्यात काकूंनी चप्पल काढली आणि आपल्या पायाचा अंगठा भागीरथीबाईंच्या पायावर एकदा दाबला.

भागीरथीबाईंनी खाली पाहिलं. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि सुनेला चहा टाकायची खूण केली.

त्यानंतर आम्हाला कुणालाच काही करायला उरलं नाही. दोघी पायाला पाय लावून बसल्या. कधी हसायच्या, कधी एकमेकींची बांगडी सरकवायच्या, कधी एकीच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि दुसरी ते पदराने पुसायची. आम्ही भिंतीला टेकून चहा प्यायलो. भीमराज बाहेर फोनवर बोलायला गेले होते, ते काळ्या कोटात, हातात कागद घेऊन दारात उभे राहिले. काकूंनी पायाचा अंगठा दोनदा दाबला. क्षणात दोघी ताठ बसल्या, हात मांडीवर, नजर खाली, जसं काही सकाळपासून निमूट काम चाललंय. मग दोघींनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसता हसता पलंगावर कलंडल्या. भीमराजांना काय झालं ते कळेना. त्यांनी कोटाची बटणं तपासली.

प्रतिज्ञापत्रावर अंगठा घ्यायचा राहून गेला. परतताना चंद्या माझ्या रिक्षात बसला. पवईच्या सिग्नलला तो म्हणाला की अर्ज मागे घे, मी विरोध मागे घेतो. मी म्हटलं, आधी तू विरोध मागे घे, म्हणजे मी जिंकलेला अर्ज मागे घेतला असं होईल. तो म्हणाला, आधी तू अर्ज मागे घे, म्हणजे मी विरोध करून जिंकलो असं होईल. यावर गोरेगाव येईपर्यंत वाद झाला आणि फार दिवसांनी मला छान वाटलं. शेवटी दोन्ही कागद भीमराजांनी एकाच पाकिटात पाठवले. मागे घेण्याचं कारण या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा चंद्याने सांगितलं, लिहा की ही वस्तू गिरणीतल्या बायकांची आहे, आणि त्यांना अर्ज करायला वेळ नव्हता. भीमराजांनी ‘सदर बायका’ असं लिहिलं.

आता दर गुरुवारी काकूंना भांडुपला सोडायला आमच्यापैकी एकजण जातो. सोमवारी दशरथ भागीरथीबाईंना इकडे घेऊन येतो, मग दोघी खाली नीलाताईंच्या अंगणात ऊन खात बसतात. बाकीचे दिवस काकूंना सोसायटीतल्या बायकांकडे कामं असतात. त्या खुर्चीत फारशा सापडत नाहीत. दुपारी कुरियरवाला वर जातो, बेल दाबतो, रिकामी खुर्ची दोन मिनिटं एकटीच थरथरते, आणि मग तो खाली आमच्या दारात येतो. कुंदा झोपेतून उठून पाकीट घेते. परवा ती म्हणाली की एवढं केलंत, तर त्या खुर्चीला उठून दार उघडायलाही शिकवा. मी लक्ष दिलं नाही. चंद्याने मात्र खुर्चीच्या पायांची रबराची बुचं काढून ठेवलेली दिसतायत.